दहा मिलिमीटर

फत्तेसिंग तीन वर्षांनी आला तो जिप्सी घेऊन,
मकरपुऱ्याच्या आमच्या गल्लीत, शेडच्या दारात तिचं नाक खुपसून.
हॉर्न वाजवला नाही. एवढं शिकवलेलं लक्षात होतं:
लेथ चालू असताना माणसाला दचकवू नये.
मी कट संपवला. मगच वर पाहिलं.

"टायर मोठे टाकलेत," तो म्हणाला,
"स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कमानीच्या पाट्याला घासतात."
मी वाकलो. रबराच्या आतल्या अंगाला
काळी चकाकी, चांगली तळहाताएवढी.
इतकं जवळ बसवल्यावर घासणारच,
हे मी गाडीबद्दल म्हणालो.
तो काही बोलला नाही.

मागून त्याने तयार आणलेले स्पेसर काढले,
दहा मिलिमीटरचे, लिपस्टिकसारखे लाल.
मधलं भोक एकशेबारा, हब एकशेआठ.
"चार मिलिमीटरची हवा. चाक काय नुसतं स्टडवर टांगणार?"
"माहीत आहे. म्हणून तर आलो."
मंजुसरला त्याच्याकडे आता दोन व्हीएमसी, तीन पाळ्या, एसी केबिन.
दोन नगांसाठी तिथे मशीन थांबवायला मालक परवानगी देत नाही,
मालक तोच असला तरी.

चकती लावली, चाक लावलं, नट बोटांनी फिरवला.
एक, दोन, तीन, चार.
आणि संपलं.
दहा मिलिमीटरनी आठ आटे खाल्ले.
बाराचा स्टड; जेवढा जाड, तेवढं तरी नटाने धरायला हवं.
इथे धरलंय पाच,
आणि हा त्यावर बायकोपोरांना घालून पावागढला निघालेला.

"लांब स्टड हवेत."
"काढून द्याल?"
"स्टड मी लेथवर काढत नाही."
कापलेला आटा वेगळा, दाबून उमटवलेला वेगळा.
कापताना पोलादाच्या शिरा तुटतात,
दाबताना नुसत्या वळतात.
हे मीच त्याला सांगितलं होतं कधीतरी,
पोरांवर ओरडताना मात्र बहुतेक वेळा विसरलो.

प्रतापनगरहून त्याने दहा स्टड आणले, डोक्यावर दहा-पॉइंट-नऊचा शिक्का,
आणि न विचारता सेव-उसळ, दोन पार्सल, तरी वेगळी.
तोवर मी नव्या चकत्या काढल्या होत्या,
कडेला उंबरठा ठेवून:
हबवर आपोआप न घसरणाऱ्या,
अंगठ्याने दाबल्या की "टप्" बसणाऱ्या.

त्याने हातोडा उचलला.
मी फक्त "हं" म्हणालो.
ठेवला.
मग वॉशरांची चवड, उलटा नट, लांब पाना;
स्टड ओढत ओढत आणला.
दाते रुततानाची करकर,
मग आवाज जड, मग डोकं पाठीशी टेकलं.
दहाही त्यानेच बसवले. डाव्या अंगठ्याचं नख अजून दुभंगलेलं,
माझी चक-चावी निसटली होती त्या दिवाळीपासून.

नट एक सोडून एक, चांदणीच्या चालीने.
टॉर्कचा पाना "कट्" म्हणाला, दहा वेळा.
स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलं:
टायर आणि पाटा यांच्यामध्ये आता बोट जातं.

पैसे विचारले त्याने.
"शंभर किलोमीटर चालव आणि ये.
नट पुन्हा बघावे लागतात. तेव्हा बघू."
हे खरंच आहे, कुठलाही फिटर सांगेल.
टॉर्कचा पाना त्याच्याकडेही आहे,
माझ्यापेक्षा चांगला, जर्मन,
हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी दारात नाक.
मीटर वाचला मी: अठ्ठावन्न.
"शंभर कुठे झाले?"
"नाही झाले," म्हणाला, आणि पलीकडे हात लांबवून
डावीकडचं दार आतून उघडलं.
"बेचाळीस उरलेत. तरसालीकडून मारू एक चक्कर."

लेथ बंद केला.
हात पुसायची चिंधी रोज खुंटीवरच असते,
आज सापडेना.